खोगिरावर बसून घेतलेले माप

अंगाबरोबर बसणारा, तरीही कुठेही न ओढणारा घोडेस्वारीचा सदरा कसा बेतावा आणि शिवावा, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. तो कुणाला फार अरुंद वाटेल. हैदराबादेत घोड्यावर बसणारे मोजके, आणि त्यांच्यातले शिवणयंत्रावर बसणारे त्याहून मोजके. पण शहराच्या कडेने रायडिंग क्लब उभे राहिले आहेत, शनिवार-रविवारी मुलांना तिथे पोचवणारे आईबाप आहेत, आणि वर्ष-दोन वर्षांत "बाबा, मला शोमध्ये उतरायचंय" हे वाक्य त्यांच्या कानावर पडतेच. मग खरेदीची यादी होते. हेल्मेट आणि बूट विकतच घ्यावे लागतात, तिथे काटकसर करूही नये. सदऱ्याचे तसे नाही. तयार सदरा सरासरी अंगासाठी कापलेला असतो आणि तेराचौदा वर्षांच्या मुलीचे खांदे, हात, कंबर सरासरीत क्वचितच सापडतात. खांद्याला बसणारा सदरा कमरेत ढगळ होतो, कमरेला बसणारा पाठीवर ताणतो. हाताने बेतलेल्या सदऱ्याला इथे तोड नाही.

घोडेस्वारीचे सदरे ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिला आपल्याकडच्या रिंगणांत दिसतो तो. इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाच्या स्पर्धा आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या, नियमांच्या चौकटीत होतात. शो जंपिंग असो की ड्रेसाज, वर कोट, आत सदरा आणि गळ्याशी टाय किंवा स्टॉक, म्हणजे गळ्याभोवती बांधायची कापडी पट्टी. सदरा कोटाखाली झाकलेला असल्याने त्याच्याकडे फारसे कुणी बघत नाही. पण उकाडा फार झाला की जंपिंगमध्ये कोट उतरवण्याची मुभा मिळते, आणि मग नियमाचे बोट सदऱ्याकडे वळते. कॉलर पांढरी हवी, बाही लांब असेल तर कफही पांढरे हवेत. हैदराबादचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला या मुभेचे मोल सांगायला नको. कोट उतरला की सदऱ्याचे सगळे दोष चव्हाट्यावर येतात. बगलेत कापड गोळा झालेले असते, घेर कमरेतून निसटलेला असतो, बाही मनगटावरून दोन इंच वर चढलेली असते.

दुसरा प्रकार अमेरिकेतला, वेस्टर्न. गुराख्यांच्या कामातून आलेले, पुढे उंच खुंटा असलेले खोगीर, बहुधा एकाच हातात लगाम, डोक्यावर रुंद काठाची हॅट. १९४० साली टेक्सासात अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन स्थापन झाली आणि या जातीच्या घोड्यांची नोंदणी नि त्यांचे शो यांना शिस्त आली. या शोंमध्ये हॉर्समनशिप नावाचा एक वर्ग असतो. त्यात पंचांची नजर घोड्यापेक्षा स्वारावर असते. मांड पक्की आहे का, हात शांत आहेत का, पाठ सरळ आहे का, ते पाहिले जाते. कोटाची सक्ती नसते. पुष्कळदा लांब बाहीचा, कॉलरचा सदरा हाच वरचा पोशाख असतो आणि तो इतका चापूनचोपून बसवतात की स्वाराच्या पाठीची रेघ रिंगणाच्या मध्यावरून वाचता यावी.

आपल्याकडे हा दुसरा प्रकार रुळलेला नाही. तरीही या पुस्तकाने पहिला नमुना म्हणून तोच घेतला आहे. कोटाखालचा सदरा बेतणाऱ्याच्या चार चुका पोटात घालतो. वेस्टर्न शोचा सदरा एकही घालत नाही. त्याची छाती, मुंढा, बाही आणि घेर ज्याला साधले, त्याला पोलोचा, जंपिंगचा किंवा नुसत्या सरावाचा सदरा जड जाणार नाही. शिवाय तेलुगू मुलखाला काउबॉय परका नाही. तेलुगू नट कृष्णा यांचा 'मोसगाळ्ळकू मोसगाडू' १९७१ साली पडद्यावर आला. हिंदीत फिरोज खान हॅट घालून घोडा फेकत आला तो 'खोटे सिक्के' १९७४ सालचा. पुढे कृष्णा यांचा मुलगा महेश बाबू २००२ साली 'टक्करी दोंगा'मध्ये त्याच वेशात दिसला. खांद्यावर टोकदार योक आणि छातीवर चमकती टिचबटणे असलेला सदरा कसा दिसतो, हे इथल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. सिनेमातला सदरा आणि शोमधला सदरा यांतला फरक मात्र सांगावा लागतो. पहिला कॅमेऱ्यासाठी असतो, दुसरा तासन्‌तास खोगिरावर बसण्यासाठी.

पुस्तकाचे मुख्य म्हणणे इथूनच सुरू होते. घोडेस्वाराचे माप तो बसलेला असताना घ्यायला हवे. शिंप्याच्या दुकानात आपण आरशासमोर उभे राहतो. टेप छातीभोवती फिरते आणि सोबत आलेली आई हमखास बजावते, "ताठ उभी राहा गं, हात खाली सोड." उभ्या अंगाला हा सदरा छान बसतो, आणि मुलगी घोड्यावर चढली की बिघडतो. यात शिंप्याचा दोष नाही. त्याने ज्या अंगाचे माप घेतले ते अंग खोगिरावर उरलेलेच नसते. पाय फाकून बसल्यावर खुबे रुंदावतात. पोटापाशी पुढची लांबी कमी होते, म्हणून पट्ट्याच्या वर कापडाची आडवी वळी पडते. पाठीची लांबी मात्र कमी होत नाही, उलट स्वार जरा पुढे झुकला की वाढते आणि घेर विजारीतून वर ओढते. कोपर वाकले की खांद्यापासून मनगटापर्यंतचे अंतर वाढते. लगाम धरलेले हात पुढे गेले की पाठीची रुंदी वाढते. उभ्याने घेतलेल्या मापात यातले काहीच नसते.

घोड्यावरच्या पोशाखाचा इतिहास पाहिला तर जे टिकले ते खोगिरावरून सुचलेले दिसते. कोटाला पाठीमागे मधोमध जो काप असतो तो स्वाराच्या कोटाचा वारसा आहे. काप नसेल तर कोट खोगिरावर बसतो आणि खांद्याला हिसका देतो. जोधपूरचे सर प्रताप सिंग १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवासाठी लंडनला गेले. जोधपुरी ब्रीचेसची तिथली चाल त्यांच्यापासून सांगतात. मांडीला ऐसपैस आणि गुडघ्याखाली घट्ट, अशी ती विजार. मांडीवरचा फुगा नखरा म्हणून आलेला नाही. ताणले न जाणाऱ्या विणीच्या कापडात गुडघा वाकवायचा आणि मांड ठोकायची तर वर जागा सोडावीच लागते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रोडिओ बेन या शिंप्याने १९४७ साली रँग्लरसाठी जी जीन्स बेतली, तिचे मागचे खिसे बसताना अंगाखाली येऊ नयेत असे वर घेतले आणि खोगिराला ओरखडे पडू नयेत म्हणून रिव्हेट चपटे ठेवले. बेतणारा माणूस कल्पनेने का होईना, आधी खोगिरावर बसला होता.

मग १९५८ साली ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्सचा धागा तयार केला. पुढे तो लायक्रा या नावाने घरोघरी पोचला. ब्रीचेसच्या मांडीवरचा फुगा गेला, सदरे कातडीसारखे बसू लागले. ही सोय मोठी आहे, पण तिच्यामुळे बेतण्यातला आळसही वाढला. कापड ताणते आहे ना, मग माप जरा इकडेतिकडे झाले तरी चालेल, ही समजूत चुकीची आहे. ताणणारे कापड चुकीचा मुंढा दुरुस्त करत नाही. ते फक्त सुरकुतीची जागा बदलते.

हा विषय हैदराबादेत बसून मराठीत लिहिण्याला स्थानिक कारणही आहे. दख्खनच्या घोड्यांचा आणि कपड्यांचा संबंध जुना आहे. भीमेच्या खोऱ्यातले काटक भीमथडी घोडे मराठी फौजांत होते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोड्यांचा बाजार भरतो, आणि तो मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या रिसाल्यांच्या छावण्या बोलारम, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, अशा पसरल्या होत्या. हे रिसाले शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा, खोगीर, कपडा ही स्वाराची स्वतःची जबाबदारी, सरकारकडून त्याला ठरावीक पगार. स्वतःच्या पैशाने शिवलेला कपडा कसा टिकेल, घोड्यावर कुठे फाटेल, याचा विचार अशा माणसाला करावाच लागे. १९०३ साली कंटिंजंटची फौज ब्रिटिशांच्या हिंदी लष्करात मिसळली आणि त्यातल्या काही रिसाल्यांना डेक्कन हॉर्स हे नाव मिळाले. ते नाव आज रणगाड्यांची रेजिमेंट चालवते.

निजामाचे स्वतःचे घोडदळ वेगळे. पहिल्या महायुद्धात हैदराबाद लान्सर्स जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सबरोबर पॅलेस्टाइनच्या आघाडीवरच्या ब्रिगेडमध्ये होते. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले ब्राँझचे तीन शिपाई या तीन संस्थानांचे. शहरात मौला अलीला सुरू झालेल्या घोड्यांच्या शर्यती १८८६ साली मलकपेठला आल्या आणि रेसकोर्स आजही तिथेच आहे. शहर पोलिसांकडेही घोडे आहेत. सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी १९७५ साली माउंट अबूहून हैदराबादला आली आणि तिथे येणाऱ्या आयपीएस प्रशिक्षणार्थींना घोडेस्वारी शिकावीच लागते. ज्यांनी आयुष्यात टांग्याखेरीज घोडा पाहिलेला नाही, अशी मुलेमुली तिथे मांड पक्की करून बाहेर पडतात. थोडक्यात, घोडा ही या शहरात केवळ नवाबी आठवण नाही, रोजच्या कामातली गोष्ट आहे.

शिलाईची बाजूही तितकीच भक्कम आहे. हैदराबादची शेरवानी छातीला आणि कमरेला अंगाबरोबर बसते, गळा उभा असतो आणि खाली दोन्ही बाजूंना चाक असतात. ती कापणारे उस्ताद कारागीर जुन्या शहरात अजून आहेत. बकरम कुठे किती घालायचे, छातीचा उभार इस्त्रीने कसा काढायचा, हे त्यांच्या बोटांत असते. मराठी बाजूने पाहिले तर संत नामदेव जातीने शिंपी, आणि त्यांचे मानले जाणारे नर्सी गाव हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानातच. त्या परंपरेतली नामदेव शिंपी मंडळी मराठवाड्यात गावोगाव आहेत. आमच्या विषयाला लागणारे कसब बाहेरून आणावे लागत नाही.

मात्र ते दोन वेगवेगळ्या दुकानांत विभागलेले आहे आणि तीच खरी अडचण. जेंट्स टेलर कॉलर, कफ, पट्टी, योक बिनचूक करतो. कॉलरची दोन्ही टोके सारखी येणे, काज सरळ रेषेत येणे, यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण पुरुषी सदरा सैल असतो, टक्सची त्याला गरज क्वचित पडते. अंगाला चिकटणारे कापड तो बिचकतच कापतो. लेडीज टेलरचे उलट. ब्लाउज हा आपल्याकडचा सर्वांत काटेकोर कपडा. कटोरी, प्रिन्सेस कट, चार टक्सचा, सगळे प्रकार कॉलनीतली साधी शिवणारी बाईसुद्धा सराईतपणे करते. अर्ध्या इंचाचा फरक तिच्या नजरेतून सुटत नाही. पण कॉलर आणि कफ तिच्या रोजच्या कामात नसतात. वेस्टर्न शोच्या सदऱ्याला खालचा भाग ब्लाउजचा आणि वरचा भाग शर्टाचा लागतो. छातीपासून कमरेपर्यंत प्रिन्सेस कट, त्यावर योक, कॉलर आणि कफ. म्हणून हे पुस्तक दोघांसाठी लिहिले आहे. ब्लाउज येणाऱ्यांनी कॉलर-कफची प्रकरणे सावकाश वाचावीत, शर्ट येणाऱ्यांनी टक्स आणि मुंढ्याची.

आता माप कसे घ्यायचे ते थोडे जवळून पाहू. घोडा आणि टेप एकत्र येण्याची गरज नाही. एका बाकावर जाड लोड आडवा ठेवा आणि स्वाराला त्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसवा. टाचा खाली, नजर समोर. हातात लगाम म्हणून लांब नाडी द्या आणि तिचे दुसरे टोक पुढे कुणाला तरी धरायला सांगा, म्हणजे हात आपोआप खऱ्या जागी येतात. मुलगी जंपिंग करत असेल तर दुसऱ्यांदा तिला कमरेतून पुढे झुकवून, हात घोड्याच्या मानेवर नेल्यासारखे पुढे करून बसवा. पाठरुंदी या दुसऱ्या बैठकीत घ्यायची. बाहीचे माप मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून, वाकलेल्या कोपरावरून मनगटाच्या हाडापर्यंत सलग घ्यायचे. उभ्याने घेतलेल्या मापाशी ते ताडून पाहा, फरक डोळ्यांनाच दिसेल. पुढची लांबी गळ्यापासून पट्ट्यापर्यंत आणि पाठीची मणक्यापासून पट्ट्यापर्यंत, दोन्ही बसूनच. कंबर आणि खुबेही बसूनच. छातीचे माप तेवढे उभ्याने घेतले तरी चालते, पण श्वास भरून आणि सोडून, दोनदा घ्यावे.

चाकाच्या खुर्चीवर दिवस काढणाऱ्यांसाठी जे कपडे बेतले जातात, त्यांतही हेच तत्त्व असते. पुढचा भाग आखूड, मागचा लांब, बसलेल्या अंगाप्रमाणे. स्वार आणि खुर्चीवरचा माणूस यांच्या गरजा अगदी वेगळ्या, पण टेप दोघांकडे एकाच कोनातून बघते. ज्या वाचकाच्या घरात अशी गरज आहे, त्याला या पुस्तकातले मापाचे प्रकरण घोड्याविनाही उपयोगी पडेल.

सगळ्यात जास्त पाने मुंढ्याला दिली आहेत. मुंढा खोल कापला की हात मोकळा राहतो, हा समज पक्का आहे आणि उलटा आहे. मुंढा जितका खाली, तितकी बाही सदऱ्याच्या बगलेला खाली जोडलेली. हात उचलला की ती जोडणी सगळी बाजू वर घेऊन येते आणि घेर विजारीतून निघतो. मुंढा बगलेच्या जवळ, उंच घेतला तर हात हलतो आणि सदरा जागेवर राहतो. बाहीची गोलाईही त्याला साजेशी हवी. फार उंच माथ्याची बाही हात खाली सोडला की सुंदर दिसते आणि हात पुढे केला की अडते. स्वाराला माथा जरा बुटका, दंडाला जरा जास्त रुंदी आणि मुंढ्यात बसवताना बाही किंचित पुढे फिरवलेली, अशी रचना मानवते. कोपरावर बारीक टक्स दिला की वाकलेल्या हाताला बाही वळत जाते. जुन्या अंगरख्यांच्या बगलेत जो चौबगला असे, तो न ताणणाऱ्या कापडाला आजही तितकाच कामाचा आहे. लायक्राच्या कापडात त्याची गरज कमी पडते.

हे सगळे थेट चांगल्या कापडावर करू नये. आधी मांजरपाटाचा नमुना. तो मोठ्या टाक्यांनी कच्चा शिवा, स्वाराला घालायला द्या आणि पुन्हा त्याच लोडावर बसवा. इथे एक तपासणी चुकवू नये. बगलेपाशी टाचणीने एक दोरा अडकवा, त्याच्या खालच्या टोकाला किल्ली बांधा आणि ती स्थिर होऊ द्या. स्वार नीट बसला असेल तर सदऱ्याची बाजूची शिवण त्या दोऱ्याबरोबर सरळ खाली आली पाहिजे. घोडेस्वारीत कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत असावीत असे शिकवतात, आणि पंच बाजूने हीच रेष शोधत असतो. शिवण पुढे कलली तर सरळ बसलेली मुलगीही दुरून पुढे वाकल्यासारखी दिसते. सदरा गुण मिळवून देत नाही, पण असलेले गुण झाकू शकतो. शिवण कलली असेल तर पुढच्या भागाची लांबी कमरेपाशी थोडी कमी करा, पाठीची माया सोडा आणि पुन्हा पाहा. दुरुस्त्या खडूने मांजरपाटावरच लिहा. तोच पुढे कागदी पॅटर्नचा आधार होतो.

कापडाबद्दल हैदराबादच्या हवेला धरून बोलायला हवे. परदेशी शोचे पुष्कळ सदरे नायलॉन-स्पँडेक्सचे असतात. चारही बाजूंनी ताणणारे ते कापड एसी सभागृहातल्या रिंगणात शोभते. इथल्या मे महिन्याच्या दुपारी त्यात तासभर बसणे ही शिक्षा ठरते. म्हणून या पुस्तकात मुख्य भर सुती कापडावर आहे, ज्यात तीन ते पाच टक्के लायक्रा आहे. ते आडव्या धाग्यात पुरेसे ताणते, घाम शोषते आणि सिकंदराबादच्या जनरल बाजारात शोधल्यास मिळते. दुकानात कापड दोन्ही हातांनी आडवे ताणून सोडा. मूळ जागी परत येत नसेल तर ते सोडून द्या, कोपर आणि पाठ दोन महिन्यांत फुगेल. घरी आणल्यावर कापण्यापूर्वी एकदा धुऊन वाळवा. शिवताना बॉलपॉइंट सुई आणि अरुंद झिगझॅग टाका वापरावा. साधा सरळ टाका उभ्या शिवणीत चालेल, पण मुंढ्यात तो पहिल्याच उडीला तुटतो.

पट्टी आणि बटणे हा वेस्टर्न सदऱ्याचा चेहरा. डेन्व्हरच्या जॅक वाइल यांनी १९४६ साली रॉकमाउंट ही कंपनी काढली आणि टिचबटणांचे वेस्टर्न सदरे त्यांच्यामुळे सर्वदूर गेले. वाइल २००८ साली वयाच्या १०७ व्या वर्षी वारले. टिचबटणाचे समर्थन साधे आहे. सदरा खोगिराच्या खुंट्यात किंवा काटेरी झुडपात अडकला तर बटण झटकन उघडते, माणूस अडकून राहत नाही. बसवताना मात्र त्याला पक्के बूड लागते. पातळ लायक्राच्या कापडात बटण ठोकले की दहा वेळा उघडल्यावर भोक पडते. म्हणून पट्टीच्या आत पेस्टिंग हवेच, आणि ते न ताणणारे हवे. फार घट्ट सदऱ्याची पट्टी दोन बटणांच्या मधे तोंड उघडते. त्यावर शोच्या शिंप्यांनी तोड काढली आहे. खरी उघडझाप मागच्या किंवा पट्टीखालच्या लपलेल्या चेनने होते आणि पुढची बटणे शोभेपुरती राहतात. घेर बाहेर येऊ नये म्हणून काही सदरे खाली चड्डीसारखे जोडलेले असतात आणि तिथे प्रेस बटणे असतात. या दोन्ही रचना पुस्तकात दिल्या आहेत. पहिल्या सदऱ्यासाठी साधी पट्टी आणि खुब्याखाली चार-पाच इंच लांब घेर पुरेसा आहे.

योकचे टोकदार आकार पाहून तो दागिना वाटतो. मुळात तो खांद्याला दुहेरी कापड देतो, आणि सदऱ्यावर सर्वाधिक ओढ तिथेच बसते. त्यावर रंग भरायचे की नाही हा आवडीचा भाग. लॉस एंजेलिसच्या नुडी कोन या शिंप्याने गाणाऱ्या काउबॉयांच्या सुटांवर भरतकाम आणि खडे यांची लयलूट केली, त्याचे पडसाद शोच्या रिंगणात अजून उमटतात. सदऱ्याचा रंग खोगिराखालच्या ब्लँकेटशी जुळवायचा, अशीही तिकडे पद्धत आहे. जुन्या शहरातल्या कारचोबीच्या, म्हणजे जरीच्या भरतकामाच्या, कारागिराला योकचा कागद दिला तर त्याला काही शिकवावे लागणार नाही. एवढेच सांगावे की काम योकपुरतेच राहू दे. बगलेपाशी आणि कोपराच्या आतल्या बाजूला जर असली की ती अंगाला टोचते आणि बाहीचे वळणही अडवते. लोंबणारे, खुळखुळणारे काही नको. घोडा बुजला तर त्याचा दोष नसेल.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमाने आहे. आधी माप, मग कागदावरचा खाका, मग मांजरपाट, मग कापड आणि शिलाई. शेवटी पोलो, जंपिंग आणि सराव यांच्यासाठी करायचे फेरफार. इंचांतली मापे दिली आहेत, कारण इथल्या टेपवर बोट इंचांकडेच जाते. मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी वेगळे खाके आहेत, पण वाढत्या वयात खाक्याच्या नावावर जायचे कारण नाही. ज्याला जो बसेल तो घ्यावा. वाढत्या अंगासाठी बाजूच्या शिवणीत आणि कफच्या आत जास्त माया कशी ठेवावी, तेही सांगितले आहे. एक मोसम तरी सदरा चालला पाहिजे.

शेवटी एक सूचना. पहिला सदरा पांढराच शिवा. पांढऱ्या कॉलर-कफांचा, बिनकामाचा, साध्या योकचा. कोट उतरवायची वेळ आली तर तो जंपिंगच्या नियमात बसतो, सरावाला चालतो आणि पांढऱ्यावर प्रत्येक सुरकुती दिसत असल्याने तुमच्या बेतण्याची परीक्षाही तोच घेतो. तो घालून मुलीला दोन-तीन वेळा घोड्यावर पाठवा, कुठे ओढतो ते विचारा, उत्तर खडूने पॅटर्नवर लिहा. रंगीत कापड, खडे आणि चमकती टिचबटणे त्यानंतर आणा. तोवर पॅटर्न तुमचा झालेला असेल आणि दुसऱ्या सदऱ्याला निम्मा वेळ लागेल.